तेरा जणी

संकेश्वर स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर उभे राहा. रविवार, ३० जानेवारी २०२२. पौष संपत आलाय, पण सकाळी अजून कानाला गार लागतं. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या एकामागोमाग एक चालल्यात आणि हवेत मळीचा तो गोडसर, जरा आंबूस वास आहे, जो परगावच्याला सोसत नाही आणि गावच्याला येत नाही.

“कुठं निघालासा एवढ्या सकाळी?” चहावाला विचारतो.

“पुण्याला. मॅच बघायला.”

“कुणाची?”

“फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई. बायकांची.”

त्याच्या हातातली गाळणी थांबते. “फुटबॉल? बायकांचं?” मग कप पुढे सरकवत, “भारत न्हाई व्हय त्यात?”

या प्रश्नाला उत्तर आहे, पण त्यासाठी आठवडाभर मागे जावं लागेल. चहा संपवा. आपण जाऊन येऊ.

मागचा रविवार, २३ जानेवारी. नवी मुंबई, नेरूळ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर आज भारत विरुद्ध चायनीज तैपेई असा सामना ठरलाय. महिलांचा आशिया चषक भारतात होतोय, १९८० नंतर पहिल्यांदाच. बारा संघ, तीन मैदानं आणि तिन्ही महाराष्ट्रात: नेरूळ, अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी. तीन दिवसांपूर्वी, २० तारखेला, भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. संधी बऱ्याच आल्या, गोल एकही नाही. मुली हळहळल्या असतील, पण आजचा सामना हातात होता.

तुम्ही काळातून आलेले आहात, म्हणून बायोबबल तुम्हाला अडवत नाही. पण बघण्यासारखं इथे काहीच नाही. करोनाची तिसरी लाट थेट संघाच्या मुक्कामात शिरलीय. एकेक अहवाल येतोय, एकेक खोली बंद होतेय. नियम साधा आहे: सामना खेळायचा तर किमान तेरा खेळाडू तंदुरुस्त हवेत. अकरा मैदानात, दोन बाकावर. यजमान भारताकडे आज तेरा जणी भरत नाहीत.

सामना होत नाही. आशियाई महासंघ भारताने माघार घेतल्याचं जाहीर करतो आणि इराणविरुद्धची ती बरोबरीसुद्धा हिशेबातून पुसली जाते. म्हणजे कागदावर पाहिलं तर आपण या स्पर्धेत खेळलोच नाही. घरच्या लग्नात वधूपक्षालाच मांडवाबाहेर बसावं लागावं, तशी गत.

खेळाडूंचा यात काडीचा दोष नव्हता, हे आधी लिहून ठेवतो. पण एक हिशेब डोक्यात राहू द्या. भारत ‘अ’ गटात होता. या गटातला दुसरा आणि ‘ब’ गटातला दुसरा, यांची उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडणार होती, पुण्यात. ‘अ’मधून चायनीज तैपेई आला, म्हणजे ज्याच्याशी आपली गाठ पडायची होती तोच संघ. ‘ब’मधून फिलिपिन्स. आपण खेळलो असतो तर जिंकलोच असतो असं मी म्हणत नाही. तैपेईचा संघ आपल्याला भारी पडला असता अशीच शक्यता जास्त. पण खुर्ची मांडलेली होती आणि तिच्यावर आपलं नाव लिहायची एक संधी होती, एवढं खरं.

आता परत ३० तारखेच्या सकाळी या. चहाचे पैसे द्या आणि गाडीत बसा.

या रस्त्याची एक गंमत आहे. संकेश्वरच्या शेजारून जाणारा हा महामार्ग, ज्याला जुनी माणसं अजून एनएच फोरच म्हणतात आणि सरकार अठ्ठेचाळीस म्हणतं, तोच रस्ता पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलाला खेटून जातो. मध्ये कुठे डावं-उजवं करायचं नाही. निपाणी, कोगनोळी, कागल. डावीकडे कोल्हापूर राहतं, जिथे पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि विश्वचषक आला की पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात. मग कराड, सातारा, खंबाटकीचा घाट. संकेश्वरच्या फुटबॉल खेळणाऱ्या एखाद्या पोरीच्या दारातून विश्वचषकाच्या दारापर्यंत एकच डांबरी पट्टा आहे आणि हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही आज सांगू नका. आधी बघून या.

बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं हे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. दुपारी याच मैदानावर दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १-० ने घरी पाठवलंय. शेवटच्या मिनिटांत जी सो-युनने लांबून मारलेला एक गोल, आणि सॅम करचा संघ संपला. त्यामुळे हवेत आधीच एक उलथापालथ आहे. बाकी शांतता. मास्कवाले अधिकारी, कॅमेरे आणि ओळीच्या ओळी रिकाम्या खुर्च्या. तुम्ही कुठेही बसा. मी म्हणेन, गोलच्या मागे बसा, शेवट तिथेच होणार आहे.

आजचा हिशेब असा: उपांत्य फेरीत पोचणारे चारही संघ थेट २०२३ च्या विश्वचषकाला जाणार. म्हणजे या उपांत्यपूर्व सामन्याचं तिकीट थेट न्यूझीलंडपर्यंतचं आहे. फिलिपिन्सचा कुठलाही संघ, बायकांचा नाही की पुरुषांचा नाही, आजवर फुटबॉलच्या विश्वचषकाला गेलेला नाही. त्या देशात बास्केटबॉलचं वेड. आपल्याकडे क्रिकेटपुढे बाकीच्यांची जी कथा, ती तिथे बास्केटबॉलपुढे फुटबॉलची.

उत्तरार्ध सुरू झाल्याझाल्याच क्विन्ली केझाडा गोल करते. १-०. मग फिलिपिन्सच्या मुली तो गोल पदराखाली दिवा धरल्यासारखा जपतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. ८२ व्या मिनिटाला तैपेईची चो ली-पिंग बरोबरी साधते. नव्वद मिनिटं संपतात, जादा अर्धा तासही तसाच जातो. आता पेनल्टी.

फिलिपिन्सच्या गोलात ऑलिव्हिया मॅकडॅनियल आहे. तिची बहीण चँडलर हिने याच स्पर्धेत थायलंडविरुद्ध एकुलता एक गोल करून संघाला पहिला विजय मिळवून दिला होता. ऑलिव्हिया आज दोन फटके अडवते. आणि मध्येच हातमोजे घातलेल्या हातांनी चेंडू ठिपक्यावर ठेवून स्वतःही एक मारते. गोलकीपरने पेनल्टी घ्यायची म्हणजे आचाऱ्याने स्वयंपाक सोडून पंगतीत वाढायला उतरण्यासारखं. पण तिचा फटका जाळ्यात जातो.

आता एक फटका उरलाय. तो जाळ्यात गेला तर सामना संपला. मधल्या वर्तुळातून सरीना बोल्डन निघते.

इथे घड्याळ जरा धरून ठेवा. १०५ मीटरच्या मैदानात मध्यापासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत चाळीसेक मीटर चालावं लागतं. बोल्डन २५ वर्षांची आहे, आघाडीची खेळाडू. फॉरवर्डचं सगळं आयुष्य धावण्यात जातं. हे चाळीस मीटर तेवढे चालायचे असतात, एकटीने, कुणी पास न देता. तुम्ही तिच्या बाजूने चाला. तिला तुम्ही दिसत नाही.

पहिल्या दहा मीटरमध्ये कॅलिफोर्निया आहे. ती तिथे जन्मली, तिथे वाढली, लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाकडून खेळली. आई फिलिपिनो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या दाराशी तिच्यासारख्या शेकडो मुली उभ्या असतात. आईच्या देशाने मात्र हाक मारली. फिलिपिन्सने हेच केलं: जगभर पांगलेल्या आपल्या लेकींची घरं शोधली, कुठे कॅलिफोर्निया, कुठे नॉर्वे, आणि त्यांना निळा-लाल शर्ट दिला. आपल्या माणसांना हा मार्ग नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, संघात यायचं तर भारतीय पासपोर्टच लागतो. न्यू जर्सीत वाढलेली एखादी कुलकर्णी किंवा पाटील कितीही वेगाने पळो, अमेरिकेचा पासपोर्ट हातात असेपर्यंत तिने भारतासाठी फक्त टीव्हीसमोर ओरडायचं. यावर वाद घालायला जागा आहे, पण आत्ता नको. ती पुढे गेली.

पुढच्या दहा मीटरमध्ये जॉर्डन आहे. २०१८. हाच आशिया चषक, हाच संघ, विश्वचषकापासून एका सामन्यावर. पाचव्या जागेसाठी दक्षिण कोरियाशी गाठ पडली आणि ०-५ असा धुव्वा उडाला. बोल्डन त्या संघात होती. अशा पराभवातून परतलेल्या खेळाडूला पुढची चार वर्षं कुणी टाळ्या वाजवत नाही. सराव तेवढा असतो.

मग ताश्कंद, सप्टेंबर २०२१. पात्रता फेरी. नेपाळविरुद्ध हा संघ मागे पडला होता. नेपाळ! आपण ज्यांच्याशी दक्षिण आशियाई स्पर्धेत दरवेळी भिडतो ते. शेवटी कसाबसा २-१, मग हाँगकाँगही २-१. तिथे एक चेंडू इकडचा तिकडे गेला असता तर आज ही चाल नसती. त्यानंतर आले ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक अॅलन स्टाइचिच. संघाला कॅलिफोर्नियात आर्वाइन इथे नेऊन सलग कित्येक आठवड्यांचं शिबिर. एकत्र राहणं, एकत्र जेवणं, एकमेकींचा पास कुठे पडणार हे न बघता कळणं.

शेवटचे काही मीटर रिकामे असतात. तिथे काहीच नसतं. सात मीटर बत्तीस सेंटिमीटर रुंदीचा गोल लांबून मोठा वाटतो. जवळ गेलं की गोलकीपर मोठी होते. बोल्डन चेंडू ठेवते. मागे सरते.

तुम्ही गोलच्या मागे आहात, म्हणून तुम्हाला आधी ऐकू येतं. रिकाम्या स्टेडियममध्ये चेंडूचा आवाज ताशासारखा घुमतो. मग जाळं हलतं.

४-३.

त्या धावतात, एकमेकींवर पडतात, कुणी गुडघ्यावर बसून रडतंय. ओरडण्याचा आवाज समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत येतो. एका देशाच्या इतिहासातला पहिला विश्वचषक प्रवेश पुण्यात, हायवेच्या कडेला झाला. बाहेर नेहमीचे ट्रक नेहमीच्या आवाजात चाललेत. त्यांतला एखादा उद्या सकाळी संकेश्वरजवळ टायर बघायला थांबेल.

तीन फेब्रुवारीला उपांत्य फेरीत कोरियाने त्यांना २-० हरवलं. हरू देत. तिकीट हातात होतं. त्या वर्षी जुलैत मनिलात थायलंडला ३-० हरवून त्यांनी आग्नेय आशियाचं विजेतेपदही घेतलं, आणि या वेळी स्टेडियम भरलेलं होतं.

आता एक लांब उडी मारू. २५ जुलै २०२३, मंगळवार. संकेश्वरात अधिक श्रावण चालू आहे, पाऊस लागून राहिलाय, हिरण्यकेशी गढूळ आणि फुगलेली. सकाळचे अकरा वाजलेत. पण तुम्ही वेलिंग्टनमध्ये आहात, तिथे संध्याकाळ, आणि यजमान न्यूझीलंडच्या पाठीशी बत्तीस हजारांवर माणसं. फिलिपिन्स पहिला सामना स्वित्झर्लंडशी ०-२ हरलाय. २४ वं मिनिट. सारा एगेसविक चेंडू आत टाकते. बोल्डन दोघींच्या मधून उडी मारते, डोकं लावते. न्यूझीलंडच्या गोलकीपरचे हात चेंडूला लागतात, पण चेंडू थांबत नाही.

विश्वचषकातला फिलिपिन्सचा पहिला गोल. पुढे न्यूझीलंडने बरोबरी केली असं वाटलं होतं. व्हीएआरने तो गोल ऑफसाइड म्हणून रद्द केला. शेवटच्या क्षणी मॅकडॅनियलने एक चेंडू बाहेर काढला. १-०, पहिला विजय. पुढच्या सामन्यात नॉर्वेने सहा गोल चढवले आणि त्या घरी गेल्या, हेही सांगायला हवं. सगळ्या गोष्टी सिनेमासारख्या संपत नाहीत. पण बालेवाडीतले ते चाळीस मीटर नसते, तर वेलिंग्टनमधली ही उडी नसती.

परत या. तुमच्यासाठी वेलिंग्टनपेक्षा गडहिंग्लज महत्त्वाचं आहे.

संकेश्वरवरून आंबोलीकडे जाणारा रस्ता पकडला की पंधरा-वीस मिनिटांत गडहिंग्लज. कर्नाटक-महाराष्ट्र सीमा ओलांडली हे दुकानाच्या पाट्यांवरनं कळतं, बोलण्यावरनं नाही. फुटबॉल या गावाच्या अंगात मुरलेलं आहे. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर स्पर्धा लागली की आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं जेवणं लवकर आटपतात. याच तालुक्यातल्या बेकनाळची अंजू तुरंबेकर. खेळाडू म्हणून सुरुवात केली, मग प्रशिक्षणाकडे वळली, आशियाई महासंघाचा ‘अ’ परवाना मिळवला आणि अखिल भारतीय महासंघात तळागाळातल्या फुटबॉलचं काम सांभाळलं. बेकनाळ हे गाव नकाशावर शोधायला बोट नीट टेकवावं लागतं. तिथून निघून एक मुलगी देशभरच्या प्रशिक्षकांना शिकवते, तर वाट नाही असं कुणी म्हणू नये. वाट आहे. वाटेवर सामने नाहीत.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. आपल्याकडे मैदान असतं, बूट असतात, हौस तर असतेच. पण बारा-तेरा वर्षांच्या फॉरवर्ड मुलीला वर्षाला सामने किती मिळतात, हे कुठल्याही शाळेच्या क्रीडाशिक्षकाला एकांतात विचारा. शालेय स्पर्धेत तालुका पातळीवर समोर दुसरा संघच नसतो, मग न खेळताच जिल्ह्याला ‘निवड’. तिथे पहिल्याच सामन्यात हरून परत. वर्ष संपलं. फॉरवर्ड हरून, चुकून, समोरचा बचाव वाचून घडते. न खेळता पुढे चाल मिळून कुणी गोल मारायला शिकत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषकही भारतात झाला. यजमान म्हणून आपल्याला थेट जागा होती. अमेरिकेकडून आठ, मोरोक्कोकडून तीन, ब्राझीलकडून पाच. सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. जागा मिळाली होती; सामने मिळालेले नव्हते.

गंमत अशी की एकेकाळी आपण याच पंक्तीत वरच्या पाटावर होतो. जाता जाता १९८० मध्ये कोझिकोडला डोकावा. आशियाई अजिंक्यपदाची अंतिम फेरी आणि भारत त्यात. त्या स्पर्धेत भारताने एक नव्हे, दोन संघ उतरवले होते. तेव्हा तेरा जणींची चिंता नव्हती. अंतिम सामन्यात २-० ने हरलो, ते तैवानकडून. म्हणजे आजच्या चायनीज तैपेईकडूनच.

परतीच्या वाटेवर कोगनोळीला गाडी थांबते. ३० जानेवारीची रात्र. कर्नाटकात शिरायचं तर आरटीपीसीआरचा कागद दाखवा. पोलीस टॉर्च मारतो. “कुठून आलासा?”

“पुण्याहून.”

“कशाला गेलतासा?”

तुम्ही सांगता. तो कागद परत देतो, हसतो. “कुणी जिंकलं?”

“फिलिपिन्स.”

“बरं,” म्हणतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो.

सकाळी चहाच्या गाड्यावर जाल तेव्हा कालच्या प्रश्नाचं उत्तर द्या: भारत नव्हता, तेरा जणी भरल्या नाहीत. पण त्यापुढचंही सांगा, कारण तुम्ही पुढचं पाहून आलेले आहात. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये, चियांग माईत, संगीता बासफोरने दोन गोल केले, भारताने थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच आशिया चषकात जागा मिळवली. या वेळी यजमान म्हणून नाही. त्याच महिन्यात सिडनीत गटांच्या चिठ्ठ्या निघाल्या. भारताच्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चौथा संघ चायनीज तैपेई. २३ जानेवारी २०२२ ला नेरूळमध्ये जो सामना झाला नाही, त्याची नवी तारीख कार्यक्रमात छापली गेली: १० मार्च २०२६, सिडनी.